एकोणिसावी सूचना

देशाला धोका कुठून आहे हे नेमकं कुणाला ठाऊक असेल, तर ते पाणीपुरवठा खात्याच्या सुरक्षा शाखेतल्या हेडक्लार्क बाईंना. निदान फायलीपुरतं तरी. एकतीस वर्षांत राजधानीला जेवढे धोके सुचले, तेवढे सगळे त्यांच्या टेबलावरून गेले होते.

बाई नोकरीला लागल्या तेव्हा धोका आतल्या माणसाचा होता. संपाचे दिवस होते. रागाच्या भरात कुणीतरी एका केंद्राचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला आणि अर्धं शहर दोन दिवस कोरडं राहिलं. मग धोका पिशव्यांत शिरला आणि फाटकावर सगळ्यांचे डबे उघडून बघायला लागले. पुढे तो पाकिटांत शिरला. टपाल फोडणाऱ्यांसाठी हातमोजे आले, तेही एकाच मापाचे, आणि बाईंच्या हातातून ते पाकिटासकट गळून पडायचे. त्यानंतर धोका आभाळात गेला. पहारेकऱ्यांनी दर तासाला वर बघावं असं ठरलं, आणि वर बघितल्याची सही करावी असंही ठरलं.

प्रत्येक धोक्याबरोबर परिपत्रक यायचं आणि प्रत्येक परिपत्रकाची सुरुवात ठरलेली असायची, 'यापूर्वीच्या सर्व सूचना कायम ठेवून'. नवा धोका आला की वरून कळायचं. जुना गेला असं मात्र कुणी कधी कळवलं नाही. कळवायला हात तरी कुणाचा धजणार? उद्या तोच परत आला तर खापर फुटायला डोकं तयारच. त्यामुळे सूचना साठत गेल्या आणि आता त्रेसष्ट झाल्या होत्या. त्या सगळ्या मनापासून पाळायच्या म्हटल्या तर एका फेरीला साडेपाच तास लागायचे, म्हणून पहारेकरी पाळी सुरू होताच चहा पिता पिता त्रेसष्टच्या त्रेसष्ट चौकोनांत बरोबरच्या खुणा करून मोकळे व्हायचे. हे बाईंना माहीत होतं, साहेबांना माहीत होतं, आणि राजधानीतून तपासणीला येणाऱ्यांनाही माहीत असावं, कारण ते खुणा मोजायचे आणि समाधानाने परत जायचे.

बाई अंगाने किरकोळ, आवाजाने त्याहून किरकोळ. चष्मा दोरीने गळ्यात आणि स्टेपलर दोरीने टेबलाला बांधलेला. कुणी मागितला तर "इथेच वापरा" म्हणायच्या. शाखेत त्यांचा दरारा होता तो एका कागदामुळे. दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी शाखेत किती पत्रं निकालात निघाली आणि किती पडून राहिली, त्याचा तक्ता वर जायचा. बाईंच्या तक्त्यात पडून राहिलेल्या पत्रांचा आकडा कायम शून्य असायचा. एकतीस वर्षं शून्य. त्याबद्दल खात्याने त्यांना एक प्रशस्तिपत्र दिलं होतं आणि साहेबांनी ते आपल्याच खोलीत लावून घेतलं होतं.

शून्य कसं यायचं, त्याचीही एक रीत होती. सूचनांत बदल सुचवणारं पत्र आलं की ते पुनर्विलोकन समितीसमोर ठेवायचं, असा नियम. समितीचे अध्यक्ष सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते आणि जागा भरलेली नव्हती. म्हणजे समिती होती पण बसत नव्हती. अशा पत्रांचं करायचं काय? पडून राहिलेली म्हणून दाखवली तर शून्याला डाग. तेव्हा बाई त्यांच्या पाठीवर 'समिती कार्यरत नाही, दप्तरी दाखल' असं लिहायच्या, खाली सही करायच्या आणि पत्र निळ्या खोक्यात टाकायच्या. दप्तरी दाखल झालेलं पत्र निकालात निघालेलं धरतात. यात लबाडी आहे असं बाईंना कधी वाटलं नाही. सगळ्याच शाखा तसं करायच्या.

आणि मग एका मंगळवारी दुपारी पावणेतीनला नवा धोका खरोखरच आला.

तीन नंबरच्या पंपगृहात ऑपरेटर एकटा होता. चाळिशीचा माणूस, मोजून बोलणारा, गणवेशाची इस्त्री मोडू न देणारा. समोरच्या पडद्यावर पाण्यात मिसळायच्या औषधाचा आकडा त्याला आपोआप चढताना दिसला. त्याने हात लावला नव्हता. त्याने आकडा खाली आणला, तो पुन्हा चढला. तिसऱ्यांदा चढला तेव्हा त्याने पडद्याची वायर उपटली, यंत्राचं मुख्य बटण पाडलं आणि खाली जाऊन औषधाची नळी हाताने बंद केली. मग वर येऊन फोन केला. शहराला सहा तास पाणी कमी दाबाने मिळालं. लोकांनी शिव्या घातल्या, पण आजारी कुणी पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी राजधानीतून तज्ज्ञ आले. हा बाहेरून केलेला हल्ला होता, हे त्यांनी तासाभरात सांगितलं. ज्याने तो केला तो कुठल्या देशात, कुठल्या खोलीत बसला होता, ते कळायला मार्ग नव्हता. ऑपरेटर मात्र पंपगृहातच सापडत होता. फाइल उघडली तर त्यात एकोणिसावी सूचना निघाली, संपाच्या काळातली. 'लेखी परवानगीशिवाय कोणतेही यंत्र बंद करू नये.' ऑपरेटरने परवानगी घेतली नव्हती. शिवाय वायर उपटल्यामुळे हल्ल्याचा माग पुसला गेला, असं तज्ज्ञांचं म्हणणं पडलं. शनिवारी त्याला निलंबित केलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. चौकशी समिती नेमली गेली. ही समिती मात्र आठवड्याभरात बसणार होती.

सोमवारी सकाळी ऑपरेटर बाईंच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. गणवेश घालायची परवानगी नव्हती म्हणून साध्या शर्टात होता. तो शर्टही कडक इस्त्रीचा.

"मॅडम, दोन वर्षांपूर्वी मी एक पत्र दिलं होतं. एकोणीस नंबरच्या सूचनेबद्दल," तो म्हणाला. "पंप कॉम्प्युटरवर घेतले तेव्हाच. माझ्याकडे पोच नाहीये. ते पत्र मिळालं तर चौकशीत दाखवता येईल. नाहीतर कामावरून काढतील म्हणतात."

"काय लिहिलं होतं?" बाईंनी विचारलं. उगाचच विचारलं.

"हेच, की कुणी बाहेरून शिरलं तर पहिलं काम यंत्र तोडायचं, आणि सूचना नेमकी तेच करू नका म्हणते. तर खुलासा व्हावा."

"बघते शोधून," बाई म्हणाल्या.

त्याने नमस्कार केला आणि गेला. शोधायचं काही नव्हतं. पत्र निळ्या खोक्यात वरून चौथं होतं, हे बाईंना डोळे मिटून सांगता आलं असतं. पाठीवर त्यांचंच अक्षर होतं आणि खाली त्यांचीच सही होती. तारीख महिन्याची एकतीस होती, हेही त्यांना आठवत होतं.

दुपारी साहेबांनी बोलावलं. साहेब माणूस वाईट नव्हता. फक्त वरून जे येईल ते खाली आणि खालून जे येईल ते बाजूला, एवढंच त्याला जमायचं. त्याच्या मागच्या भिंतीवर बाईंचं प्रशस्तिपत्र होतं.

"तो ऑपरेटर तुमच्याकडे आला होता म्हणे. काही पत्रबित्र मागत होता?"

"हो."

"आहे का तसं काही?"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं.

"नसेलच बहुतेक," साहेब म्हणाले. "इतक्या वर्षांत दोनदा शाखा हलली. कागद गहाळ होतात, त्याला कोण काय करणार? तुम्हाला किती राहिले आता?"

"चार महिने."

"बघा, चार महिने. निवृत्तीच्या तोंडावर चौकशी लागली की पेन्शनचे कागद कुठे अडकतात ते तुम्ही स्वतः पाहिलंय. मी काही सांगत नाही. तुम्ही अनुभवी आहात."

मी काही सांगत नाही असं म्हणून सगळं सांगणाऱ्या माणसांची बाईंना सवय होती. त्या "बरं" म्हणून बाहेर आल्या आणि उरलेला दिवस त्यांनी टपालाच्या नोंदी केल्या. दोनदा तारीख चुकली.

घरी ताई होती. थोरली बहीण, सरकारी इस्पितळातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेली, गुडघ्यांनी हैराण आणि जिभेने शाबूत. दोघींनी लग्न केलं नव्हतं. दोन खोल्यांत एकवीस वर्षं एकत्र काढली होती. बाईंच्या पलंगाखाली जुन्या डायऱ्या आणि ताईच्या पलंगाखाली औषधं, एवढाच काय तो दोघींच्या वाट्यातला फरक. बाईंनी हातपाय धुतले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"बस आधी," ताई म्हणाली. "उभी राहून काय सांगतेस, मी काय साहेब आहे?"

बाई बसल्या.

"पत्र आहे?"

"आहे."

"तुला मिळालं होतं, तू वाचलं होतंस, आणि खोक्यात टाकलंस."

"पाठवू कुणाला? समितीच नाही. सगळेच टाकतात गं."

"मी विचारलं का सगळे काय करतात?" ताईने गुडघ्याला तेल चोळता चोळता मान वर केली. "तुला चार महिने राहिलेत. त्याला किती राहिलेत?"

"एकोणीस वर्षं."

तिने बाटलीचं बूच लावलं आणि बाईंना जेवायला वाढून घ्यायला सांगितलं. बाईंना तिचा राग आला. चार शब्द समजुतीचे बोलली असती तर काय बिघडलं असतं? पेन्शन अडली तर या घराचं भागायचं कसं, हे तीही जाणत होती. खरं सांगायचं तर बाईंना कुणीतरी "नको नादी लागू" म्हणायला हवं होतं. साहेबांनी ते म्हटलं होतं, पण साहेबांचं म्हणणं मनाला लागू पडत नव्हतं.

पुढचे तीन दिवस बाई ऑफिसात गेल्या, आल्या. निळं खोकं कपाटाच्या खालच्या कप्प्यात होतं. दर वेळी कपाट उघडलं की ते दिसायचं आणि दर वेळी बाई दुसरंच काहीतरी काढून कपाट लावून घ्यायच्या. बुधवारी शिपाई म्हणाला, "मॅडम, आज सहा वेळा पंच कशाला नेलात? एकच तर भोक पाडायचं असतं." बाईंना हसू आलं नाही. आपण किती थकलोय, हे त्यांना त्या वेळी कळलं. काम करून आलेला थकवा झोपेने जातो. हा दुसरा होता, वर्षानुवर्षं कागदाच्या पाठीवर लिहून आलेला.

शुक्रवारी चौकशी समिती बसली. बैठकीच्या खोलीत लांब टेबल, पाण्याचे पाच ग्लास आणि एक बंद पडलेलं घड्याळ. अध्यक्ष राजधानीचे, पन्नाशी ओलांडलेले. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, कारण ही त्यांची त्या महिन्यातली चौथी चौकशी होती. त्यांच्या शेजारी तज्ज्ञ आणि टोकाला साहेब. ऑपरेटरची जबानी सकाळीच झाली होती आणि तो बाहेर बाकावर बसला होता. बाईंना फाइल घेऊन आत बोलावलं.

"एकोणिसावी सूचना अजून लागू आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"लागू आहे."

"तिच्यात बदल करावा असं कुणी कधी सुचवलं होतं? हा माणूस तसं म्हणतोय. हे तुमचे साहेब म्हणतात, नोंद सापडत नाही."

साहेब ग्लासाकडे बघत होते. बाईंनी फाइल टेबलावर ठेवली, तिच्या आतून घडी न पडलेला एक कागद काढला आणि अध्यक्षांसमोर सरकवला.

अध्यक्षांनी पत्र वाचलं. मग उलटून पाठ वाचली. मग पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"ही सही?"

"माझी."

"पुढे का पाठवलं नाही?"

"पाठवायला पुढे कुणी नव्हतं. पुनर्विलोकन समितीच्या अध्यक्षांची जागा सहा वर्षं रिकामी आहे."

"ते समजलं. पण तोंडी सांगता आलं असतं. यांना, किंवा आम्हाला. एक फोन करायचा होता."

"करता आला असता."

"मग?"

साहेबांनी कुठलंही कारण दिलं असतं तर बाईंनी ते घेतलं असतं, पण साहेब अजून ग्लासाकडेच बघत होते.

"महिन्याची एकतीस तारीख होती," बाई म्हणाल्या. "तक्ता शून्य करायचा होता."

तज्ज्ञांनी काहीतरी लिहून घेतलं. अध्यक्षांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. रागावतील असं बाईंना वाटलं होतं. ते रागावले नाहीत. त्यांच्याही टेबलावरून असे तक्ते जात असणार.

"इतकी वर्षं तुम्ही हे सगळं बघताय," ते म्हणाले. "असं परत होऊ नये म्हणून काय करावं, असं तुम्हाला वाटतं?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न बाईंना कुणी विचारला नव्हता. उत्तर तयार नसेल असं त्यांना वाटलं, पण ते केव्हाचं तयार होतं.

"सूचना कमी करा, साहेब. त्रेसष्टच्या वीस करा, ज्या माणसाला पाळता येतील अशा. धोका दर वर्षी बदलतो आणि आम्ही तीस वर्षांपूर्वीच्या धोक्याच्या राखणीला बसलेलो असतो. साप साप म्हणून भुई धोपटायची, एवढंच चाललंय. आणि पंपावर जो उभा असतो त्याला वर्षातून एकदा कुणीतरी जाऊन विचारा, बाबा, तुला कशाची भीती वाटते. त्याला आमच्याआधी कळतं. याला दोन वर्षं आधी कळलं होतं."

मग अध्यक्ष जरा ओशाळून म्हणाले, "बाई, सूचना कमी करायचा अधिकार या समितीला नाही. नवी सुचवता येईल."

आणि नवी आलीच. तीन आठवड्यांनी चौसष्टावी सूचना उतरली. पडद्यावर काही संशयास्पद दिसल्यास यंत्र तत्काळ बंद करावे. वर ठरलेली ओळ होतीच, त्यामुळे एकोणिसावीही जागच्या जागी राहिली. म्हणजे आता पंपावरच्या माणसाने यंत्र बंद केलं तरी तो दोषी आणि नाही केलं तरी दोषी. परिपत्रकाच्या प्रती काढायचं काम बाईंकडेच आलं. त्यांनी चाळीस प्रती काढल्या, पिना मारल्या आणि पाठवून दिल्या. त्याच टपालात त्यांच्या नावाचं एक पाकीट होतं. पत्र दडपून ठेवल्याबद्दल खुलासा मागवला होता, आणि तो समाधानकारक वाटेपर्यंत निवृत्तीचे कागद पुढे जाणार नव्हते. ताईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माझी पेन्शन आहे ना. भागवू." आणि त्या दिवसापासून तिने गुडघ्याच्या महागड्या गोळ्या अर्ध्या करून घ्यायला सुरुवात केली, बाईंचं लक्ष नाही असं समजून.

ऑपरेटरचं निलंबन उठलं. समज देऊन का होईना, पण नोकरी राहिली. रुजू होण्याच्या कागदावर सही करायला तो बाईंकडे आला, तेव्हा पुन्हा गणवेशात होता. बाईंना बरं वाटलं. खूप दिवसांनी इतकं बरं वाटलं की त्यांनी स्वतः उठून त्याच्यासाठी खुर्ची ओढली. तो आभार मानेल असं त्यांना वाटत होतं. ते कसे नाकारायचे, "माझं कामच होतं ते" असं काहीतरी म्हणायचं, हेही त्यांनी मनात ठरवून ठेवलं होतं.

त्याने सगळ्या प्रतींवर सह्या केल्या. मग पेन परत ठेवलं.

"मॅडम, एक विचारायचं होतं."

"विचारा ना."

"चौकशीच्या निकालात लिहिलंय की माझं पत्र दप्तरी होतं. ते तुम्ही तेव्हा वाचलं होतं, की न वाचताच लावून टाकलं होतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. शेकड्यांनी पत्रं येतात, वाचायला वेळ कुठे असतो, असं म्हटलं असतं तर त्याला पटलंही असतं. बाईंनी चष्मा काढून हातात धरला.

"वाचलं होतं," त्या म्हणाल्या. "दोनदा."

"कळलं होतं, मी काय म्हणतोय ते?"

"कळलं होतं."

त्याने सह्या केलेल्या प्रती एकावर एक नीट लावल्या.

"मला वाटायचं, कुणी वाचलंच नसेल," तो म्हणाला. "पंपावर एकटा असलो की तेवढंच समाधान असायचं. वाचलं असतं तर कुणीतरी काहीतरी केलं असतं, असं वाटायचं."

त्याने आपली प्रत घेतली, नीट घडी घालून खिशात ठेवली, खुर्ची होती तिथे परत सरकवली आणि दुपारच्या पाळीला निघून गेला.